उलटं वाचलेलं वीस

"तीन सांगितले की हा सातशे अडुसष्ट ऐकतो," लम्जेद म्हणाला. "गावाला पाण्यातून क्लोरीन द्यायचंय की क्लोरीनमधून पाणी?"

दोरसाफ हसली. तिच्या एका हातात अर्धा संपलेला पाव होता, दुसऱ्या हातानं ती कुठलंसं पत्र टाईप करत होती. बेजा शहरात टायरच्या दुकानावर तीन खोल्यांमध्ये त्यांची कंपनी होती. धरणं, पंप, पाण्याच्या टाक्या यांची यंत्रं संगणकाला जोडून द्यायची, हे काम. लम्जेद टेबलावर क्लोरीनचा छोटा पंप ठेवून तपासत होता. पंपाकडे आकडा पाठवणारा प्रोग्रॅम दोरसाफनं लिहिला होता. खरं तर नवा लिहिलाच नव्हता. 'ऐन स्नोबर' नावाच्या धरणासाठी केलेलाच उचलून दिला होता.

"सातशे किती?" तिनं विचारलं.

"अडुसष्ट. दोन पाठवले तर पाचशे बारा. एक पाठवला तर..."

"दोनशे छप्पन्न," दोरसाफ म्हणाली, आणि तोंडातला घास तोंडातच राहिला.

आकडा कधी एका बाइटात न मावण्याइतका मोठा होऊ शकत असेल, तर तो लहान असतानाही त्याला दोन घरं द्यावी लागतात, एक मोठं, एक लहान. काही यंत्रं मोठं घर आधी पाठवतात, काही लहान. क्रम चुकला की लहान घरातला आकडा मोठ्या घरात पडतो आणि दोनशे छप्पन्न पट होतो. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी म्हणतो आणि वीस मागून, अरबीतही तसंच. फ्रेंच बोलणारा वीस आधी म्हणतो. माणसांचं त्यात बिघडत नाही, कारण समोरचा कुठली भाषा बोलतोय हे ऐकताना कळतं. तारेतून जाणाऱ्या बाइटांना भाषा नसते. म्हणून जाळ्यावर सोडण्याआधी प्रत्येक आकडा ठरलेल्या क्रमात लावून घ्यायचा, मोठं घर आधी. त्यासाठी तयार फंक्शन असतं. लिहायला दोन सेकंद लागतात.

तिनं धरणाचा प्रोग्रॅम उघडला. कुठल्या दारातून आत जायचं तो पोर्टचा क्रमांक तिनं नीट त्या क्रमात फिरवून घेतला होता, नाहीतर जोडणीच झाली नसती. धरणाचा दरवाजा किती सेंटीमीटर उचलायचा तो आकडा मात्र जसाच्या तसा सोडून दिला होता. ओळ क्रमांक दोनशे चौदा. तिनं ती तीनदा वाचली. दर वेळी ती तशीच होती.

"चाचणी केली होतीस ना?" लम्जेदनं मागून विचारलं. त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती.

चाचणी तिनं केली होती. इथे, स्वतःच्या संगणकावर, दोन्ही टोकं एकाच यंत्रात ठेवून. तिथे पाठवणाराही उलटा आणि वाचणाराही उलटा, म्हणजे सगळं सुलट. आणि सोमवारी धरणावर. पण धरण काठोकाठ भरलेलं असताना दरवाजा वरखाली करून बघायला कोण देणार? तिनं फक्त 'बंद' पाठवलं होतं, दहा वेळा. बंद म्हणजे शून्य. शून्य कुठूनही वाचा, शून्यच.

आज गुरुवार होता. नवा संगणक बसवल्यावरचं पहिलं पाणी आज अकरा वाजता सुटणार होतं. दरवाजा वीस सेंटीमीटर उचलायचा, बागांना पाणी द्यायचं. वेळ आणि आकडा कालच आत भरून ठेवला होता, तिच्यासमोर. नवा संगणक तो लहान घर आधी धरून पाठवणार होता, आणि धरणाच्या मनोऱ्यातलं दरवाजा हलवणारं जुनं यंत्र तो मोठं घर आधी धरून वाचणार होतं. वीस गुणिले दोनशे छप्पन्न.

"पाच हजार एकशे वीस," ती पुटपुटली.

"दरवाजा किती उंच आहे?"

"चार मीटर. तो चार मीटरवर थांबेल. वर जायला जागाच नाही म्हणून थांबेल."

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

लम्जेदनं धरणाच्या कचेरीला फोन लावला. घंटा वाजत राहिली. तिथला रखवालदार अम्म शेद्ली, म्हणजे शेद्लीकाका, पाणी सोडायच्या दिवशी खाली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या मोजपट्टीपाशी जाऊन बसतो हे दोघांनाही माहीत होतं. त्या दरीत मोबाईल लागत नाही. धरणाचं जाळं बाहेरच्या जगाशी जोडलेलं नाही. सुरक्षिततेसाठी तसं ठेवायचं, हा सल्ला दोरसाफनंच दिला होता.

तिनं मालकाला, सी नबीलला म्हणजे नबीलसाहेबाला, फोन केला. तो ट्युनिसमध्ये बैठकीत होता.

"तुला खात्री आहे?" तो हळू आवाजात म्हणाला.

"सी नबील, मी ओळ बघितली आहे."

"ओळ बघितलीस. दरवाजा बघितलास का? उगाच धरणावर बोंब ठोकलीस आणि काही निघालं नाही, तर पुढच्या कामाला आपल्याला कुणी दारात उभं करणार नाही. आधी नीट तपास कर. मी अर्ध्या तासात बाहेर येतो, मग बोलू."

"अर्ध्या तासानं अकराला पंचवीस कमी असतील," ती म्हणाली आणि फोन ठेवला. असं तिनं आजवर कधी केलं नव्हतं.

"तू फोन लावत राहा," ती लम्जेदला म्हणाली. "पोलीस चौकीलाही लाव. काहीही सांग. फक्त नदीत कुणी उतरू देऊ नका म्हणावं."

"दोरसाफ, अडतीस किलोमीटर आहे. घाटातून."

"ठाऊक आहे मला!" ती ओरडली. त्याच्यावर ओरडायचं कारण नव्हतं.

गाडी चालवताना तिच्या मनात एकच हिशेब फिरत होता. मोटर दोन सेकंदांत एक सेंटीमीटर उचलते. वीसला चाळीस सेकंद. चारशेला तेरा मिनिटं. धरणापासून पाच किलोमीटरवर नदी रस्त्याला आडवी येते, तिथे पाणी एरवी पंधरा मिनिटांत पोचतं. एरवी म्हणजे घोट्याएवढं पाणी. चार मीटर उघडलेल्या दरवाज्यातून सुटलेलं पाणी किती मिनिटांत येईल हे तिला माहीत नव्हतं, कमी लागतील एवढंच कळत होतं. तिची बोटं स्टिअरिंगला इतकी घट्ट चिकटली होती की गिअर बदलताना ती एकेक करून सोडवावी लागत होती.

घाटात मेंढ्यांचा कळप आडवा आला. नुकत्याच कातरलेल्या, गुलाबी कातडीच्या, लाजल्यासारख्या एकमेकींना चिकटून चाललेल्या मेंढ्या. तिनं हॉर्न दाबून धरला. मेंढपाळानं हात वर करून 'थांब की जरा' अशी खूण केली. आणि त्या मेंढ्यांकडे बघता बघता तिच्या लक्षात आलं. लोकर कातरून झाली होती. म्हणजे बायका नदीवर असणार.

तोवर ती नुसत्या नदीला भीत होती. आता नदीत माणसं उभी राहिली. सगळ्या गावाच्या बायका मे महिन्यात लोकर धुवायला उतारावर, रस्ता नदी ओलांडतो तिथे, येतात, दिवसभर पाण्यात उभ्या असतात, जेवण तिथेच. पाणी सोडायच्या आधी धरणावरचा भोंगा वाजतो. भोंगा वाजला की त्या पदर वर खोचतात आणि काम चालू ठेवतात, कारण वीस वर्षांत भोंग्यामागून घोट्याच्या वर पाणी आलेलं नाही.

ती उतारावर पोचली तेव्हा अकराला पाच कमी होते. गाडीचं दार उघडलं आणि डोंगरामागून भोंगा सुरू झाला.

खाली पात्रात तीसेक बायका होत्या. दगडांवर लोकर पसरलेली, दांडक्यांनी बडवणं चाललेलं, कुणीतरी गात होतं. गुलाबी फुलांनी लगडलेल्या कण्हेरींवर घोंगड्या वाळत होत्या. भोंग्याकडे एकीनंही मान वळवली नाही.

धरण वर पाच किलोमीटर होतं, वळणावळणाचं, नऊ मिनिटांचं. गेली तर मोटर चार मिनिटं चाललेली असेल, ती थांबवता येईल. की थांबवता येणार नाही? मनोऱ्याला कुलूप असलं तर? धरणापाशी निदान शेद्ली होता. इथे या बायकांना सांगायला कुणीच नव्हतं, पोलीसही पोचले नव्हते. तिनं किल्ली गाडीतच सोडली आणि काठावरून खाली पळत सुटली.

"बाहेर या! सगळ्याजणी बाहेर या! पाणी येतंय!"

गाणं थांबलं. मग हसू फुटलं.

"येऊ दे की," एक जाडजूड बाई म्हणाली. "आम्ही त्याचीच वाट बघतोय. लोकर खंगाळायला बरं."

"शहरातली दिसते. पाय भिजतील म्हणून घाबरली बिचारी."

"तसं नाही! आज दरवाजा पुरा उघडणार आहे. चार मीटर!"

"कुणी सांगितलं तुला? शेद्लीनं?"

"अगं, सरकारी बाई असेल. दरवर्षी कुणीतरी येतं, इथे धुऊ नका म्हणून. कुठे धुवायचं ते मात्र सांगत नाहीत."

दोरसाफ पाण्यात उभी होती. पाणी थंडगार होतं आणि अंगाला घाम सुटला होता. सरकार, धोका, नियम, सगळे शब्द तिनं मनात चाचपले. कुठलाच कामाचा नव्हता. मग जे खरं होतं तेच तिच्या तोंडून निघालं, रडक्या, फाटक्या आवाजात.

"माझ्या हातून चूक झालीय. धरणावरचा नवा संगणक मी बसवला. मी त्याला चुकीचं शिकवलंय. वीस सांगितलं की तो पाच हजार ऐकतो. मला आत्ता तासाभरापूर्वी कळलं. मी चुकलेय हो, आणि त्यापायी तुम्ही मराल!"

हसू एकदम बंद झालं. दगडावर बसलेली एक सुकलेली म्हातारी, हनुवटीवर गोंदण, तिच्याकडे डोळे बारीक करून बघत होती. तिला सगळे उम्मी ह्निया, म्हणजे ह्नियाआई, म्हणत.

"उठा गं," म्हातारी म्हणाली. "आपणहून चूक कबूल करणारं माणूस साठ वर्षांत मला आज भेटलंय. खोटं कशाला बोलेल? उठा. लोकर राहू द्या."

"उम्मी ह्निया, लोकर कशी..."

"राहू दे म्हटलं ना! पोरांना उचला आधी."

मग घाई उडाली. बायका पोरं काखेत मारून चढायला लागल्या. कुणी जाता जाता घोंगडी ओढली, कुणी पातेलं. चढ निसरडा होता. दोरसाफ खालून एकेकीला ढकलत होती आणि कान वरच्या वळणाकडे लावत होती. भोंगा थांबला. अकरा वाजले. तिनं मनात मोजायला सुरुवात केली. चाळीस सेकंदांनी मोटर थांबायला हवी होती. ती थांबली की नाही हे इथून कळायला मार्गच नव्हता.

सगळ्या वर पोचल्या. म्हातारीनं डोकी मोजली.

"वसीला कुठाय?"

म्हातारीची नात वसीला पात्राच्या मधोमध होती. पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं. तिच्या गाद्यांची लोकर, दोन वर्षं साठवलेली, पांढऱ्या चादरीत बांधून दगडावर ठेवली होती, आणि ती ओलं गाठोडं पाठीवर घ्यायला बघत होती. ते उचलत नव्हतं.

"सोड ते!" दोरसाफ किंचाळली आणि परत खाली गेली. आपण का जातोय याचा तिनं विचार केला नाही. पाय आपोआप गेले. मन मात्र मागे वरच राहिलं होतं आणि तिथून सांगत होतं की तुला पोहता येत नाही.

तिनं मुलीचं मनगट धरलं. "वसीला, चल."

"एवढं धरा ना एका बाजूनं, ताई, दोघींनी..."

तेव्हा आवाज आला. तो पाण्याचा वाटला नाही. डोंगरातून जड मालगाडी यावी तसा, जमिनीतून पायांत येणारा. वरच्या वळणावरचे बगळे एकदम उडाले. मग वळणाच्या कोपऱ्यावर एक तपकिरी ओठ दिसला, त्यावर फांद्या, फेस, गवत. तो फार वेगात नव्हता. तेच भयंकर होतं. धावायला वेळ आहे असं वाटायला लावत तो येत होता.

दोघी धावल्या. चार पावलांत पाणी मांड्यांना लागलं, सहाव्या पावलाला कमरेला, आणि पायाखालचे गोटे सरकायला लागले. दोरसाफनं हाताला लागलेली पहिली कण्हेर धरली. फांदी वाकली, साल सोलवटून हातात आली, पण मूळ टिकलं. वसीला तिच्या दंडाला लोंबकळत होती. पाणी छातीशी आलं. नाकातोंडात चिखलाची, मेंढ्यांची, कुजक्या पानांची चव. 'अजून चढणार आहे,' ती मनात म्हणत होती, 'हा एकच मीटर आहे, अजून तीन यायचेत.'

"घोंगडी धर!" वरून म्हातारीचा आवाज. पाचसहा बायकांनी एक ओली घोंगडी पिळून दोरासारखी खाली सोडली होती. वसीलानं ती धरली. मग दोरसाफनं. फांदी सोडायला बोटं तयार होईनात. वसीलानं तिची बोटं चावून सोडवली, खरोखर दातांनी.

वर गवतावर पडल्या पडल्या दोरसाफ पाण्याकडे बघत राहिली. पांढरी चादर वळणावर एकदा दिसली आणि गेली. पाणी आता चढेल, मग चढेल. चढलं नाही. एका खडकावर ओली रेघ होती, तिच्याखाली ते बोटभर उतरलं, मग दोन बोटं.

"उतरतंय," कुणीतरी म्हणालं.

दोरसाफला तेव्हा रडू फुटलं. म्हातारीनं तिच्या पाठीवर एक कोरडी घोंगडी टाकली आणि म्हणाली, "रड, पण बसून. उभी राहिलीस तर परत पडशील."

दुपारी ती धरणावर पोचली तेव्हा अम्म शेद्ली मनोऱ्यात दरवाजा खाली आणायचं चाक हातानं फिरवत होता. साठीचा माणूस, सदरा भिजलेला, ओठ पांढरे. मुख्य वीज त्यानं तोडून टाकली होती. दरवाजा एक मीटर दहावर अडकला होता आणि चाकाच्या शंभर फेऱ्यांना जेमतेम चार सेंटीमीटर खाली येत होता.

"मी खाली मोजपट्टीशी," तो धापा टाकत म्हणाला. "मोटर थांबेचना. म्हटलं नवं यंत्र आहे, दमानं घेत असेल. मग पाण्याचा आवाज बदलला. एकशे चाळीस पायऱ्या आहेत गं, पोरी. चढताना मधे बसावं लागलं मला. मधे बसलो मी." तो हे परत परत म्हणत होता. "खाली बायका असतील, ठाऊक होतं मला, आणि मी मधे बसलो."

"सगळ्या वाचल्या, अम्म शेद्ली. सगळ्या. डोकी मोजलीत."

त्यानं चाक सोडलं, भिंतीला पाठ लावून तो खाली सरकला आणि तोंडावर हात घेतले.

"मला वीज जोडून द्या," ती म्हणाली. "शून्य पाठवते. शून्याला काही होत नाही, ते बरोबरच पोचतं. चार मिनिटांत बंद होईल."

"त्या डबड्याला हात लावलास तर तुला इथून खाली टाकीन," तो तोंडावरचे हात न काढता म्हणाला.

तिनं वाद घातला नाही. तिनं चाक धरलं. हाताच्या तळव्यांची साल कण्हेरीनं काढलेलीच होती. दोघांनी आळीपाळीनं संध्याकाळपर्यंत दरवाजा खाली आणला. फेऱ्यांच्या मधे तिनं त्याला घरांची गोष्ट सांगितली, आधी मोठं, आधी लहान. "म्हणजे मी अरबीत वीस म्हटलं आणि त्यानं फ्रेंचमध्ये ऐकलं, असं धरा."

"चाळीस वर्षं आमच्या कचेऱ्यांत दुसरं काय चाललंय," तो म्हणाला, आणि दोघांनाही नको असताना हसू आलं.

सी नबील दुसऱ्या दिवशी आला. अहवालात 'विजेचा दोष' लिहू, तो म्हणाला. खोटंही नाही, वीज तोडली होतीच ना. दोरसाफनं स्वतःच्या हातानं ओळीचा क्रमांक घातला, कोणता आकडा न फिरवता गेला ते लिहिलं, खाली सही केली. त्यानं तिला काढून टाकलं नाही. काढलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, असं ती लम्जेदला म्हणाली.

प्रोग्रॅम दुरुस्त व्हायला दोन सेकंद लागले. चाचणीला तीन आठवडे. या वेळी दरवाज्याच्या वरच्या बाजूला लोखंडी फळ्या उतरवून पाणी अडवलं, पात्रात दोन्ही काठांवर माणसं उभी केली, आणि शेद्ली लाल बटणावर तळहात ठेवून उभा राहिला. दोरसाफनं एक पाठवला, मग तीन, मग दोनशे, मग वीस, दर वेळी मधे शून्य पाठवून दरवाजा बंद करत. वीसला मोटर सुरू झाली. एकोणचाळीस सेकंदांपर्यंत तिला ठामपणे वाटत होतं की ती थांबणार नाही. ती थांबली.

"झालं," शेद्ली म्हणाला.

"अजून एकदा," दोरसाफ म्हणाली.

त्या दिवशी तिनं वीसचा आकडा एकतीस वेळा पाठवला. जूनमध्ये वसीलाचं लग्न झालं. गाद्यांसाठी बायकांनी घराघरातून मूठमूठ लोकर दिली. दोरसाफ लोकरीची दोन गाठोडी घेऊन गेली होती. अंगणात ढोलकी वाजायला लागली तेव्हा दूर धरणावर पाणी सोडण्याचा भोंगा झाला. बायका नाचत राहिल्या. दोरसाफ बशी हातात घेऊन उठली, अंगणाच्या कडेला जाऊन नदीकडे तोंड करून उभी राहिली आणि पाणी दिसेपर्यंत तिथून हलली नाही. ते घोट्याएवढं होतं.